मायबापाचा अमेरिकेचा व्हिसा: खिडकीपुढं उभं राहायच्या आधी

पासपोर्ट हातात आहे, पोरगा नाहीतर पोरगी तिकडं नोकरीवर आहे आणि मायबापाला दोन-तीन महिने जाऊन यायचंय, एवढं धरून चालतो. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा-दिग्रसकडं आता अशी घरं बरीच झाली. नात्यातले, ओळखीतले फॉर्म मीच भरून देतो, कित्येकांना मुलाखतीला मुंबईला घेऊनही जातो, आणि डोकं सगळ्यात जास्त कशानं उठतं तर व्हॉट्सॲपवरच्या सल्ल्यांनी. निमंत्रणपत्र नोटरी करून आणा, खात्यात वीस लाख दाखवा, बाळंतपणाचं नावच काढू नका. यातलं एकही करू नका.

निमंत्रणपत्र लागतच नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं स्वतः सांगतं की व्हिजिटर व्हिसाला ते गरजेचं नाही, आणि आणलं तरी व्हिसा द्यायचा की नाही हे ठरवताना ते धरत नाहीत. उसनेपासने पैसे खात्यात टाकून स्टेटमेंट काढणं त्याहून वाईट, कारण खोटं सांगून व्हिसा मागितला असं एकदा ठरलं की कायमची बंदी बसू शकते, मग नातवाचं लग्न असलं तरी इकडं बसूनच पाहायचं.

फी व्हिजिटरची, म्हणजे बी१/बी२ ची, जून २०२३ पासून माणशी १८५ डॉलर आहे, भरायच्या दिवशी साइटवर एकदा पाहून घ्या. परत मिळत नाही. पावती वर्षभर चालते, तेवढ्यात अपॉइंटमेंट घ्यायची.

आता फॉर्म. डीएस-१६० म्हणतात त्याला, आणि तो सायबर कॅफेवाल्याच्या हवाली करून चहा प्यायला जाऊ नका. खिडकीत बसलेल्या अधिकाऱ्यापुढं तुमची फाइल नसते, हा फॉर्म असतो, प्रश्न त्यातूनच निघतात. कॅफेवाला साठीच्या पुढचा माणूस पाहिला की सरळ रिटायर्ड टाकतो. अरे बावा, कास्तकार कुठं रिटायर होतो! अजून पहाटे वावरात जातो तो माणूस. काकूंच्या नावावर सातबारा आहे, वेचणीच्या बाया त्याच लावतात, मजुरीचा हिशेब त्यांच्याकडं, आणि फॉर्ममध्ये होममेकर. दोघांचंही शेती लिहा. महिन्याचं उत्पन्न विचारतात, कास्तकाराला महिना नसतो हे त्यांना काय माहीत, तर वर्षाचं खरं उत्पन्न काढून बारानं भागा आणि तो आकडा मायबापाला सांगून ठेवा, कारण तोंडून निघाला तर तोच निघाला पाहिजे.

जुन्या बायांच्या पासपोर्टावर कधीकधी आडनावाची जागा कोरी असते. तसं असेल तर पासपोर्टावरचं नाव फॉर्ममध्ये आडनावाच्या रकान्यात जातं आणि नावाच्या रकान्यात एफएनयू (फर्स्ट नेम अननोन, म्हणजे पहिलं नाव माहीत नाही) येतं, घाबरू नका, चूक नाही ती. जन्मतारीख मास्तरांनी शाळेत घालताना लावलेली १ जुलै असली तरी पासपोर्टावर आहे तीच टाका. आधी कधी व्हिसा नाकारला असेल तर हो लिहायचं, त्यांच्याकडं नोंद असतेच. फॉर्म दुसऱ्यांदा भरला तर त्याच्या पानावरचा नवा बारकोड अपॉइंटमेंटलाही जोडा, जुन्या बारकोडवर परत पाठवतात.

आमच्याकडून काही जण हैदराबाद जवळ म्हणून तिकडची तारीख घेतात. मी मायबापासाठी मुंबईच सांगतो, कारण तिथं मराठीत मुलाखत होते. दोघांची अपॉइंटमेंट एकत्र घ्या म्हणजे एकाच खिडकीवर जातील. आणि ऐंशीच्या जवळपासच्यांना मुलाखत नसते ही जुनी गोष्ट झाली, २ सप्टेंबर २०२५ पासून त्यांनाही साधारण जावंच लागतं.

इथपर्यंतचं कुणीही करेल. गाडी अडते ती तयारीवर, सुरुवातीला माझीही इथंच अडायची.

आधी एक समजून घ्या. १९५२ च्या त्यांच्या इमिग्रेशन कायद्यात २१४ बी म्हणून कलम आहे. व्हिसा मागणारा माणूस तिकडं कायमचं राहायलाच चालला असं धरूनच ते सुरुवात करतात, तसं नाही हे तुम्ही पटवायचं. आणि वेळ किती, तर दोन-तीन मिनिटं, तीही उभ्यानं, काचेच्या पलीकडून. कागद बहुतेक वेळा पाहतच नाहीत. म्हणजे सातबारा पिशवीत असून उपयोग नाही, तो तोंडातून आला पाहिजे.

आणि इथंच आपल्याकडच्या माणसाची पंचाईत होते. आपला कास्तकार साहेब दिसला की नुकसान सांगतो. त्याची चूक नाही. जन्मभर त्यानं साहेब पाहिला तो पंचनाम्याला आलेला, तलाठी, कृषी सहायक, विम्यावाला, आणि त्यांच्यापुढं जो कमी सांगेल त्यालाच काही मिळेल हे त्याच्या हाडात मुरलेलं. मी एकदा तयारी घेताना एका काकांना विचारलं, काय करता तुम्ही? तर सुरू झाले, "काय सांगू साहेब, बोंडअळीनं कपाशी नेली, सोयाबीनले भाव नाही, काई राह्यलं नाही आता कास्तकारीत." अकरा एकराचा माणूस, विहीर बांधलेली, ठिबक टाकलेलं, गोठ्यात चार जनावरं! हे उत्तर अधिकाऱ्यानं ऐकलं की तो काय समजणार? इकडं काही उरलं नाही, म्हणून हा चालला.

खोटं बोलायला शिकवू नका, फक्त जे आहे ते आधी सांगायला शिकवा. किती एकर, काय पिकतं, वर्षाला किती येतं, मागं कोण पाहतं. कर्ज विचारलं तर कर्जही खरं सांगायचं, पण न विचारता रडगाणं नाही. ही सवय एका बैठकीत सुटत नाही, मुलाखतीच्या आठवडाभर आधीपासून रोज संध्याकाळी थोडं थोडं घ्यावं लागतं, आणि ते पोरानं फोनवरून घेऊ नये. पोरगा मधेच ओरडतो, बाबा असं नाही तसं म्हणा, मग बाप गप्पच होऊन जातो. शेजारचा, भाचा, कुणीतरी तिऱ्हाईत बसवा.

मी काय करतो, मी घरात खिडकीच्या आत उभा राहतो आणि काका-काकूंना बाहेर अंगणात उभं करतो, मध्ये खिडकीची जाळी. पंखा फुल, टीव्ही चालू. कारण तिथं काच असते, माइकमधून आवाज येतो, बाजूच्या खिडक्यांवर दुसरे लोक बोलत असतात, आणि कमी ऐकू येणारा माणूस समजलं नाही तरी हो हो करतो. हेच सगळ्यात धोक्याचं! ऐकू नाही आलं तर "पुन्हा सांगा" म्हणायचं, हे पहिल्या दिवशी पक्कं करून घ्या. यंत्र घालत असतील कानाला तर नवी बॅटरी.

दुसरा खड्डा म्हणजे कधी येणार. आपली माणसं भिडेखातर म्हणतात, पाहू, करमलं तर राहू, पोरगा म्हणेल तसं. घरात पाहुण्याला शोभतं हे, तिथं नाही. तारीख पाहिजे, आणि ती का पाहिजे हे कास्तकाराइतकं सोपं कुणालाच नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तूर निघते, कपाशीच्या पऱ्हाट्या उपटून झाल्या की वावर रिकामं, आणि जूनमध्ये मिरग लागला की पेरणी. मधले तीन महिने मोकळे. म्हणून मी शक्यतो मार्च ते मे असाच बेत करायला लावतो. काकांचं उत्तर मग असं येतं, "मार्चमंदी जातो, मे सरता सरता वापस येतो, मिरगात पेरनी रायते माही." पाठ करायची गरज नाही, ते त्याच्या आयुष्यातलंच आहे. अधिकाऱ्याला मिरग माहीत नसेल, पण माणूस आपलं बोलतोय की घोकलेलं हे त्याला लगेच कळतं. वावर कोण पाहते विचारलं तर भाऊ पाहतो, गडी आहे, जे असेल ते. आणि ऑक्टोबरमध्ये जायचं असेल तर वेचणीचं काय हे आधी घरात ठरवा, नाहीतर शेतीवर जीव आहे म्हणणारा माणूस ऐन वेचणीत सहा महिने कसा चालला, असा प्रश्न आला की तोंड पाहत बसाल.

बाळंतपण लपवू नका. सुनेचे दिवस भरत आले आणि मायबाप म्हणतात आम्ही धबधबा पाहायला चाललो, कोण विश्वास ठेवेल? सरळ सांगा, नातू होणार आहे, तेवढ्यासाठी जातो, अमुक दिवस राहून येतो. फक्त "लेकरू सांभाळाले चाललो" हे वाक्य नको, ते त्यांच्या कानाला कामाला चालल्यासारखं लागतं आणि या व्हिसावर काम करता येत नाही. पण पोरगा-सून दोघं ड्युटीवर आणि मायनं घर धरायचं असाच खरा बेत असेल तर उत्तर बदलून काय उपयोग, आधी पोराशी बोलून बेत बदला.

काकूंची तयारी वेगळी घ्या. हे कुणी करत नाही. अधिकारी मुद्दाम बायकोला विचारतो आणि काकू काकांकडं पाहतात, काका उत्तर देतात, अधिकारी म्हणतो यांनाच बोलू द्या, मग दोघंही गडबडतात. सोबत कोण आहे विचारलं की नवऱ्याचं नाव घ्यायला लाजणाऱ्या बाया अजून आहेत आपल्याकडं, त्यांच्याकडून ते जाळीपलीकडून मोठ्यानं म्हणवून घ्या, दोनदा हसतील, तिसऱ्यांदा म्हणतील. पोरगा काय करतो याला "कम्प्युटरात आहे" चालत नाही. शहर, कंपनीचं नाव, किती वर्षं झाली, खर्च कोण करतो, घरात कोण कोण आहे, एवढं दोघांनाही आलं पाहिजे. कंपनीचं नाव वाकडंतिकडं निघालं तरी निघू द्या. इंग्रजी वाक्य मात्र पाठ करून देऊ नका, एक वाक्य इंग्रजीत बोललं की पुढचा प्रश्न इंग्रजीत येतो.

बाकीचं पटकन. मुंबईला दोनदा जायचं असतं, एकदा बोटांच्या ठशांना आणि फोटोला त्यांच्या केंद्रावर, मग मुलाखतीला बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुलातल्या) वकिलातीत. दोन्ही तारखा लागोपाठच्या दिवशी घ्या, धामणगाव नाहीतर बडनेऱ्याहून विदर्भ एक्सप्रेसनं गेलात की एका फेरीत काम होतं. कापूस वेचून, विळा धरून बोटं घासलेली असतात, रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही तीच अडचण इथंही, म्हणून काही दिवस आधीपासून रात्री खोबरेल लावा आणि बोट कापू देऊ नका. मोबाइल आत नेता येत नाही, सोबतच्या माणसालाही साधारण आत सोडत नाहीत, म्हणून तुमचा नंबर आणि बाहेर कुठं भेटायचं ते कागदावर लिहून काकांच्या खिशात टाका. फाइलमध्ये पासपोर्ट, फॉर्मचं आणि अपॉइंटमेंटचं पान, सातबारा, आठ-अ, पासबुक, पोराच्या व्हिसाची झेरॉक्स. अल्बम नको.

पासपोर्ट ठेवून घेतला म्हणजे बहुतेक झालं काम. परत दिला आणि कागदावर २१४ बी असेल तर नाकारला, त्यावर अपील नाही, पुन्हा फी भरून पुन्हा जाता येतं, पण घरची परिस्थिती, फॉर्म, उत्तरं सगळं तेच असेल तर पुढच्याच महिन्यात धावू नका. कागद २२१ जी चा असेल, म्हणजे निर्णय अजून अडलेला असेल, तर त्यावर जे मागितलंय ते द्या आणि वाट पाहा.

तिकीट पासपोर्ट घरी आल्यावरच. व्हिसा बहुतेक दहा वर्षांचा मिळतो, त्याचा अर्थ दहा वर्षं राहता येतं असा नाही, किती दिवस राहायचं ते तिकडं उतरल्यावर विमानतळावरचा अधिकारी ठरवतो, साधारण सहा महिने देतात. ती तारीख आय-९४ वर, म्हणजे तिकडं उतरल्याच्या नोंदीवर असते, पोराला पहिल्याच दिवशी ऑनलाइन काढून घ्यायला सांगा. तिखट, पापड, लाडू नेता येतात, फक्त उतरल्यावर तिथं ते सांगायचं. संत्री मात्र नेऊ नका, ताजं फळ तिथं काढून घेतात आणि न सांगता नेलं तर दंडही लावतात.