शॅम्पेनच्या छोट्या इस्टेटवर जाताय? मग हे बघून घ्या

फ्रान्सच्या शॅम्पेन भागातल्या एपर्ने शहरात मोठ्या हाऊसची, म्हणजे शॅम्पेन कंपनीची, टूर भारीच असते, लांबच लांब तळघरं वगैरे, पण बाटलीत बुडबुडे येतात कसे हे खरंच बघायचं असेल तर आसपासच्या गावात जो स्वतःच द्राक्षं पिकवतो आणि स्वतःच वाईन करतो त्याच्याकडे जा. तो ओळखायचा लेबलवरून, अगदी खाली बारीक अक्षरात आरएम लिहिलेलं असतं. एनएम असेल तर तो बाहेरून द्राक्षं विकत घेऊ शकतो, त्यात वाईट काही नाही, फक्त ते गणित वेगळं.

अपॉइंटमेंट आधी घ्या, आणि शक्यतो सप्टेंबर टाळा, द्राक्षतोडणी हातानेच करायची असा तिथे नियम आहे त्यामुळे त्या दिवसांत घरातलं कोणी मोकळं नसतं. स्वेटर न्या, तळघरात बारा महिने 10-12 डिग्री.

आता आत गेल्यावर. पहिली वाईन साधी असते, बिनबुडबुड्याची आणि चांगलीच आंबट. तिच्यात यीस्ट आणि लिटरमागे साधारण 24 ग्रॅम साखर घालून बाटलीत भरतात आणि वर सोड्याच्या बाटलीला असतो तसा बिल्ला ठोकतात, बूच नंतर. यीस्ट साखर खातं, गॅस बाहेर जायला वाट नाही, मग प्रेशर जातं 6 अ‍ॅटमॉस्फिअरपर्यंत, म्हणजे कारच्या टायरच्या दुपटीहून जास्त! त्यानंतर वाट बघायची. साध्या शॅम्पेनला कमीत कमी 15 महिने, त्यातले 12 त्या मेलेल्या यीस्टच्या गाळावर, आणि व्हिंटेजला, म्हणजे एकाच वर्षाच्या द्राक्षांच्या शॅम्पेनला, 3 वर्षं. तो ब्रेडसारखा वास या गाळातूनच येतो.

इथे एक करा, आडवी ठेवलेली बाटली दिव्यासमोर धरून दाखवायला सांगा. खालच्या बाजूला पिठासारखी फिकट रेघ दिसते, जरा हलवली की धूर उठल्यासारखी पसरते, हाच तो गाळ. बाटली थोडी थोडी फिरवत, उलटी करत तो तोंडाशी आणतात, पूर्वी सगळं हाताने, आता बहुतेक ठिकाणी मशीनचा पिंजरा. मग बाटलीची मान गोठवून बिल्ला उडवतात, बर्फासकट गाळ फटकन बाहेर. चान्स मिळाला तर हे चुकवू नका.

टेस्टिंगला दोनच प्रश्न विचारा: गाळ कधी काढला आणि त्यानंतर शेवटी साखर किती घातली. लेबलवरच्या शब्दांवर जाऊ नका, एक्स्ट्रा ड्राय वाचून लोक कोरडी समजतात आणि ती निघते ब्रूटपेक्षा गोड, लिटरला 12 ते 17 ग्रॅम. ब्रूट म्हणजे 12 च्या आत, एक्स्ट्रा ब्रूट 6 पर्यंत, आणि ब्रूट नेचरला वरून साखर घालतच नाहीत. मला विचाराल तर एक्स्ट्रा ब्रूटपासून सुरुवात करा, द्राक्ष कसं होतं ते झाकलं जात नाही.

थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, बिनधास्त वापरा, कोणी वाईट मानत नाही, आणि गाडी चालवणार असाल तर थुंकाच. निघताना एखादी बाटली घ्याच. फक्त गाळ मागच्या आठवड्यातच काढलाय असं कळलं तर ती लगेच फोडू नका, दोन-तीन महिने अंधारात गार जागी पडू द्या, तोपर्यंत ती जरा विस्कटलेलीच लागते.