सहल त्यांच्या आवडीची: वेरूळला नेताना

बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ व्यक्तीला फिरायला नेताना ठिकाण घरच्यांनी परस्पर ठरवू नये. पाणचक्की, बीबी का मकबरा, वेरूळ असे तीन फोटो समोर ठेवा. ज्यावर बोट जाईल तिथंच जा.

वेरूळ निवडलं, तर मंगळवार टाळा, त्या दिवशी लेणी बंद असतात. सगळी ३४ लेणी दाखवायचा हट्ट नको. १६ क्रमांकाचं कैलास एकटं पुरे, तेही पाऊण तास, आणि आधी मोकळं अंगण. अंधाऱ्या दालनांत वटवाघळांचा उग्र वास येतो, आवाज घुमतो. त्यानं व्यक्ती घाबरून बसकण मारते आणि सोबतचे त्याला हट्ट समजतात. अशा वेळी ओढू नका. सावलीत बसवून पाणी द्या, दहा मिनिटं काही बोलू नका.

उन्हाळ्यात सकाळी दहाच्या आत परत फिरा. फिट्सची गोळी असेल तर तिची वेळ चुकवू नका, प्रवासात हेच जास्त विसरलं जातं. कपड्यांचा एक जादा जोड आणि एसटीच्या सवलतीसाठी यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) सोबत हवंच. माकडं असतात, खाऊ पिशवीतच ठेवा.

तिकिटाचे पैसे मात्र त्यांच्याच हातून देऊ द्या.