हातात अडकलेला क्यू कसा सुटला

उन्हाळ्यात भाची परभणीला आली की दुपारी कूलरपुढं स्क्रॅबल (अक्षरांच्या ठोकळ्यांनी बोर्डवर इंग्रजी शब्द जुळवायचा खेळ) ठरलेलं, आन माझ्याकडं क्यू आला की त्याच्याबरोबर बहुतेक शब्दांत लागणारा यू काही यायचा नाही. तिचे ठोकळे संपून खेळ संपला की हातातल्या क्यूचे माझे 10 गुण कट आन तेच 10 तिला, म्हणजे 20 चा फटका. वर ती म्हणायची, "मामा, पुन्हा क्यू धरूनच बसलात का!"

मग एक दिवस लॅपटॉपवर शब्दांची टेक्स्ट फाईल घेतली, एक्सेलमधी टाकली, तीन अक्षरांपेक्षा लांब सगळं उडवलं, क्यू असलेले ठेवले, यू असलेले काढले. उरलं काय तर मुख्य म्हणजे क्यू-आय आन क्यू-ए-टी. पहिला चिनी, प्राणशक्ती म्हणतात तसलं काहीतरी, दुसरं येमेनमधी पानं चघळतात ते झाड (आपल्या तंबाखूचा भाऊच समजा).

आय चे नऊ ठोकळे असतेत, त्यामुळं एखादा बोर्डवर सापडतोच. परवा ट्रिपल लेटरच्या (अक्षराचे गुण तिप्पट करणाऱ्या) घरात क्यू ठेवला, उजवीकडं आय, खाली पण आय, दोन्हीकडून 31, एका ठोकळ्यात 62! भाचीनं आधी डिक्शनरी मागितली, मग पाणी.

आता झेडची यादी करायलोय.