घरासाठी वायरलेस स्पीकर घेताय? या चुका टाळा

नवी पेठेतल्या दुकानात ऐकून स्पीकर पसंत केला, घरी लावला, तर आवाज नुसता घुमायला लागला. बदलून आणायलाच निघालो होतो. पण आमच्या हॉलमध्ये शहाबादी फरशी, मोकळ्या भिंती, आणि स्पीकर ठेवला होता कोपऱ्यातल्या कोनाड्यात. कोपऱ्यात बास फुगतो आणि गाण्याचे शब्द त्यात बुडतात. मग तो भिंतीपासून हातभर पुढे, बसल्यावर कानाला येईल एवढ्या उंचीवर स्टुलावर ठेवला. खाली सतरंजी अंथरली, समोरच्या पलंगावर जाड सोलापुरी चादर टाकली. आता डग्ग्याचा घिस्सा वेगळा ऐकू येतो, गायकाचा श्वाससुद्धा कळतो. तेव्हा स्पीकर परत करण्याआधी त्याची जागा बदलून बघाच.

दुकानात आपल्याला पाठ असलेलं गाणं लावायला सांगा आणि आवाज कमी ठेवून ऐका. घरी रोज आपण तेवढ्याच आवाजात ऐकणार असतो.

दुसरी चूक म्हणजे ब्लूटूथ आणि वायफाय एकच समजणं. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधून स्पीकरकडे जातं. आई सकाळी स्वयंपाकघरात अभंग लावते. मी तिचा फोन घेऊन अंगणात गेलो की अभंग तुटलाच. साध्या स्पीकरची पोच मोकळ्या जागेत साधारण १० मीटर, आणि जुन्या वाड्याच्या दगडी भिंतीपलीकडे त्याहून बरीच कमी. शिवाय फोन आला की गाणं थांबतं. वायफाय स्पीकर इंटरनेटवरून गाणं स्वतः ओढतो, फोन फक्त रिमोटसारखा. रोज घरातच ऐकायचं असेल तर माझं मत वायफायलाच. मात्र तुमचं गाण्यांचं अ‍ॅप त्यावर थेट चालतं का, हे आधी विचारा.

वायफाय स्पीकर जोडलाच जात नसेल तर फोन राउटरच्या कोणत्या बँडवर, म्हणजे २.४ की ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर, आहे ते बघा. बरेच स्पीकर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. फोन ५ वर असला की सेटअप अडतो. लाईट गेल्यावर गाणं बंद पडत असेल तर राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. स्पीकर बॅटरीवाला नसेल तर तोही.

वॅट बघताना आरएमएसचाच, म्हणजे स्पीकर सतत देऊ शकतो त्या ताकदीचा, आकडा धरा. पीएमपीओचे, म्हणजे क्षणभराच्या कमाल ताकदीचे, हजारांचे आकडे सोडून द्या.

आणि आपल्याकडची धूळ! खोक्यावर आयपीएक्स७ लिहिलेलं असतं आणि आपण निश्चिंत होतो. त्यातला ७ पाण्यासाठी आहे. एक्सचा अर्थ धुळीसाठी दर्जाच दिलेला नाही. स्पीकर गच्चीत किंवा अंगणात न्यायचा असेल तर आयपी६७ घ्या. मे महिन्यात पारा चाळिशीपार जातो तेव्हा बॅटरीचा स्पीकर खिडकीतल्या उन्हात किंवा बंद गाडीत ठेवू नका, चार्जिंगला तर मुळीच लावू नका. उष्णतेने बॅटरीचं आयुष्य घटतं.