घरचा फाइल सर्व्हर: जुना संगणक, दोन डिस्क आणि एकदा करून पाहिलेला रिस्टोअर

फाइल सर्व्हर म्हणजे घरातल्या सगळ्यांच्या फाइली एका जागी ठेवणारा संगणक. त्यासाठी डिस्क विकत घेण्याआधी घरातल्या सगळ्या फोन-लॅपटॉपवर मिळून जपून ठेवण्याजोगा डेटा किती आहे, याची बेरीज करा. येईल त्याच्या दुप्पट-तिप्पट जागेच्या दोन डिस्क घ्या: एकीवर फाइली, दुसरीवर बॅकअप.

संगणक जुना चालतो. चार जीबी रॅम आणि गिगाबिट लॅन पोर्ट (नेटवर्कची केबल लावायची जलद खाच) असला की काम भागतं. तो वीज किती खातो ते मात्र पाहा, कारण 40 वॅटचं यंत्र अखंड चालू राहिलं तर महिन्याला साधारण 29 युनिट जळतात. राउटरला तो केबलनेच जोडा. एक टीबी डेटा गिगाबिट केबलवरून अडीच-तीन तासांत जातो. 100 मेगाबिटच्या जुन्या पोर्टवर त्यालाच अख्खा दिवस लागतो.

आता ऑपरेटिंग सिस्टिम. नवख्या माणसाला मी ओपनमीडियाव्हॉल्ट सुचवेन. ती मोफत आहे, डेबियन लिनक्सवर उभी आहे आणि ब्राउझरमधून चालवता येते. पेन ड्राइव्हवरून ती एखाद्या वेगळ्या छोट्या एसएसडी डिस्कवर टाका. इन्स्टॉल होईपर्यंत डेटाच्या डिस्कच्या केबल काढून ठेवा, म्हणजे चुकून भलतीच डिस्क पुसली जाणार नाही. मूळ पासवर्ड सगळ्यांना ठाऊक असतो, तेव्हा आत शिरल्यावर आधी तो बदला. राउटरच्या सेटिंगमध्ये सर्व्हरचा आयपी पत्ता (घरच्या नेटवर्कवरचा त्याचा क्रमांक) कायमचा राखून ठेवा.

मग डिस्कच्या केबल परत जोडा, दोन्ही डिस्क ईएक्सटी4 या लिनक्सच्या मांडणीत फॉरमॅट करून माउंट करा (म्हणजे सिस्टिमला वापरायला जोडून द्या), पहिलीवर शेअर्ड फोल्डर बनवा, घरातल्या प्रत्येकाला वेगळं खातं द्या आणि एसएमबी ही नेटवर्कवरून फोल्डर वाटणारी सेवा सुरू करा. विंडोज, मॅक, फोन सगळ्यांना फोल्डर दिसू लागतील. डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्ट तपासणी इथेच चालू करून टाका.

बरेच जण इथे थांबतात, किंवा दोन्ही डिस्क रेड 1 मध्ये एकमेकींचा आरसा म्हणून लावतात आणि त्यालाच बॅकअप समजतात. हा गैरसमज महागात पडतो. आरसा फक्त डिस्क बंद पडण्यापासून वाचवतो. तुम्ही चुकून फोल्डर उडवलंत किंवा रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फाइली कुलूपबंद केल्या, तर तेच त्याच क्षणी दुसऱ्या डिस्कवरही होतं. म्हणून दुसरी डिस्क नेटवर्कवर शेअर करू नका आणि तिच्यावर जुन्या आवृत्त्या राखणारा प्रोग्राम वापरा, उदाहरणार्थ बोर्ग किंवा रेस्टिक. रोज रात्री बॅकअप, आणि 7 दैनिक, 4 साप्ताहिक, 12 मासिक प्रती ठेवा, इतकं पुरतं. बॅकअप एन्क्रिप्ट (पासवर्डने कुलूपबंद) केलात तर पासवर्ड कागदावर लिहून सर्व्हरपासून दूर ठेवा. तो हरवला तर डेटाही गेलाच. तिसरी प्रत घराबाहेर हवी: नातेवाइकांकडे ठेवलेली डिस्क किंवा क्लाउड. आग आणि चोरी एकाच घरातल्या दोन डिस्कमध्ये फरक करत नाहीत.

बाहेरून फाइली हव्या असतील तर राउटरवर एसएमबीचा 445 क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडू नका. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा रॅन्समवेअर विंडोजच्या एसएमबीतल्या त्रुटीतूनच पसरला होता. त्याऐवजी वायरगार्ड व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कपर्यंतचा सुरक्षित खासगी मार्ग, लावा.

आता रिस्टोअर, म्हणजे बॅकअपमधून फाइली परत आणणं. बॅकअपची डिस्क माउंटच झाली नसेल, तर काही प्रोग्राम त्याच नावाच्या रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या एसएसडीवरच, मुकाट्याने लिहीत राहतात आणि यादीत 'यशस्वी' असंच दिसतं. त्यामुळे पहिल्याच आठवड्यात एक अख्खं फोल्डर बॅकअपमधून दुसऱ्या संगणकावर परत आणा. नुसती नावं पाहू नका: फोटो उघडा, व्हिडिओ मध्यापासून चालवा, फाइलींची संख्या मूळ फोल्डरशी जुळवा. महिन्याभरापूर्वीची प्रत निघते का, हे महिना उलटल्यावर पाहा. पुढे दर तीन महिन्यांनी हेच करा, दर वेळी वेगळं फोल्डर घेऊन, आणि निदान एकदा तरी कागदावरचाच पासवर्ड टाकून.