कोरिदोवर शोधनिबंध: आधी ओळ मोजा, मग अस्मितेकडे वळा

कोरिदो म्हणजे मेक्सिकोचं कथागीत. त्यावरचे बरेच निबंध पहिल्याच पानावर ‘मेक्सिकन अस्मिता’ गाठतात आणि तिथेच फसतात. कुणाची अस्मिता? मेक्सिको सिटीत गाण्याचं छापील पत्रक विकत घेणाऱ्याची, की सीमेवरच्या रिओ ग्रांदे नदीच्या काठी टेक्सासच्या अमलाखाली राहणाऱ्याची? हे ठरेपर्यंत विषय नोंदवू नका.

एकच कोरिदो घ्या आणि त्याचे मिळतील तेवढे पाठ, म्हणजे गाण्याची वेगवेगळी रूपं, जमवा. नवख्याला टेक्सासमधला मेक्सिकन शेतकरी ग्रेगोरिओ कोर्तेस याच्यावरचा बरा, कारण मूळ घटना ताडून पाहता येते. १२ जून १९०१ला टेक्सासच्या कार्न्झ काउंटीत शेरीफ, म्हणजे काउंटीचा पोलीसप्रमुख, घोडाचोर शोधत कोर्तेसकडे आला. अलीकडे ‘काबायो’, म्हणजे घोडा, बदलून घेतलास का, असं त्याच्या दुभाष्यानं विचारलं. कोर्तेसनं घेतली होती ‘येग्वा’, म्हणजे घोडी; तो नाही म्हणाला. त्यातून गोळीबार झाला, शेरीफ मेला, कोर्तेसचा भाऊ रोमाल्दो जखमी झाला.

ध्वनिमुद्रणांसाठी यूसीएलएचा, म्हणजे लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचा, फ्रॉन्तेरा संग्रह पाहा. जुन्या ७८ आरपीएम तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे लांब कोरिदो दोन बाजूंवर आहेत. पहिलीच बाजू ऐकून ‘या पाठात शेवटचं निरोपाचं कडवं नाही’ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात.

पाठ एकमेकांशेजारी मांडा आणि काहीही ‘दुरुस्त’ करू नका. गाण्यात कार्न्झचं ‘कार्मेन’ होतं, रोमाल्दोचा ‘रोमान’. या चुका नाहीत, गाणाऱ्यांनी परकं नाव आपल्या जिभेवर कसं बसवलं त्याचा तो पुरावा आहे.

आता मोजणी. कोरिदोची नेहमीची ओळ आठ अक्षरांची, पण ती कानानं मोजायची. ‘कोन सु पिस्तोला एन ला मानो’ (हातात पिस्तूल घेऊन) कागदावर नऊ भरते. गाताना ‘ला’ आणि ‘एन’ एका स्वरात मिसळतात, म्हणून आठच: कोन-सु-पिस्-तो-लाएन-ला-मा-नो. ओळीच्या शेवटच्या अक्षरावर आघात, म्हणजे जोर, असला तर एक वाढवा. ‘मुरिओ एल चेरिफे मायोर’ (मोठा शेरीफ मेला) गाताना सात भरते, मु-रिओएल-चे-रि-फे-मा-योर; धरायची आठ. हे नियम न लावता ‘छंद ढिला आहे’ असा शेरा मारू नका. चालही नोंदवा, नुसते शब्द म्हणजे अर्धाच पुरावा.

उगमाच्या वादात दोन्ही बाजू वाचाव्याच लागतात. मेक्सिकोचा संगीत-अभ्यासक विसेन्ते मेंदोसा कोरिदोचं मूळ स्पॅनिश रोमान्सेत, म्हणजे स्पेनच्या जुन्या कथाकाव्यात, शोधतो. टेक्सासचा लोकसाहित्य-अभ्यासक आमेरिको पारेदेस याचा १९५८चा ग्रंथ भर देतो सीमेवरच्या संघर्षावर. आमच्या मते फरक आधी रचनेत तपासावा: रोमान्सेत समओळींचं (दुसरी, चौथी, सहावी…) स्वरयमक, म्हणजे फक्त स्वरांचं यमक, सलग चालतं, कोरिदोत चार ओळींच्या कडव्यागणिक यमक बदलतं आणि दुसरी-चौथी ओळ जुळते.

अस्मितेचं विधान इथून पुढे. कोर्तेस हातात पिस्तूल घेऊन म्हणतो: एकट्या मेक्सिकानोसाठी किती हे रिंचे! रिंचे म्हणजे टेक्सास रेंजर, शब्द हेटाळणीचा. या कडव्यावर पानंच्या पानं लिहिली जातात, पण ‘मेक्सिकानो’ तिथे ‘मानो’शी यमक जुळवतो हे विसरलं जातं. म्हणून तो शब्द यमकाच्या जागेबाहेर, इतर कडव्यांत किंवा इतर पाठांत कुठे येतो ते आधी शोधा. सापडला तर तुमचा मुद्दा उभा राहील. नाही सापडला तर भर ‘रिंचे’वर द्या, कारण त्याला यमकाचं बंधन नाही.