कळसूबाईला मुलं घेऊन जाताय? बॅटरी घेतली का?

बॅटरी घ्या. म्हणजे टॉर्च. माणशी एक. बाकीचं नंतर.

गेल्या डिसेंबरात आम्ही पाच जण कळसूबाईला गेलो: मी, ही, दोन मुलं आणि माझी आई. थेपले, चिवडा, दोन प्रकारची लोणची, पत्त्यांचा कॅट, सगळं घेतलं. बॅटरी नाही. कशाला हवी, दिवसाचा तर ट्रेक! शेवटची शिडी उतरताना अंधार, फोनचं चार्जिंग फोटो काढण्यात संपलेलं, आणि उरलेला एक फोन मी दातात धरलेला. शिडीवर दोन्ही हात कठड्याला लागतात, हे घरी बसून सुचत नाही. म्हणून हातात धरायची नको, डोक्याला बांधायची बॅटरी घ्या. घरीच लावून बघा. सेल जास्तीचे.

आता वेळ. शिखर १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच, आणि बारी गावातून चढायला सराव असलेल्यांना तीन तास पुरतात. तुमच्याबरोबर आठ वर्षांचा मुलगा आणि गुडघे धरणारी आई असेल तर पाच धरा. उतरायला निम्मा वेळ लागतो हा गैरसमज आहे, आईला चढण्याइतकाच लागला. डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे सकाळी सातला पायथा सोडायचा, आणि दुपारी एक वाजला की जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. आम्ही 'आता आलंच' म्हणत अडीचला वर पोचलो. तिथेच सगळं हुकलं.

सातला निघायचं तर आदल्या रात्री भंडारदऱ्याला किंवा बारीतच मुक्काम करा. मुंबईहून पहाटे निघून घोटीमार्गे येऊ म्हणणाऱ्यांचा पहिला तास चहालाच जातो.

पाणी माणशी तीन लिटर, मुलांना दोन. वर शेवटच्या शिडीअलीकडे विहीर आहे, पण तिच्या भरवशावर बाटल्या कमी करू नका. शनिवार-रविवारी वाटेत गावकरी लिंबूसरबत आणि काकडी विकतात, तेव्हा सुटे पैसे ठेवा. रेंज गेली की फोनवरून पैसे जात नाहीत. खाऊ पिशवीत हातात धरून चालू नका, माकडं हिसकावतात. थेपल्यांचं असंच झालं.

बूट खाचांचे, जुने. नवे बूट चावतात. वर वारा झोंबतो, घामाने भिजलेली मुलं देवळापाशी दहा मिनिटांत कुडकुडायला लागतात, म्हणून एकेक कोरडा सदरा आणि वाऱ्याचं जाकीट. देऊळ एवढंसं आहे, पाच जण आडोशाला मावतील असं समजू नका. टोपी, औषधं, क्रेप बँडेज: तुम्हाला कळतंच.

शिड्यांवर मूल मध्ये, खाली एक मोठा, वर एक मोठा. रांगेत मागचे घाई करतील, करू देत. पावसाळ्यात लहान मुलांना नेऊ नका. लोखंड निसरडं होतं, धुक्यात पुढची पायरी दिसत नाही, आणि 'आमचा मुलगा धीट आहे' याने पायरी कोरडी होत नाही.

वर अलंग, मदन, कुलंग हे समोरचे किल्ले ओळखा, भंडारदऱ्याचं पाणी बघा, फोटो काढा. थोडेच. चार्जिंग. एक फोन तर बंद करूनच सॅकमध्ये टाका. आणि हो, फोन म्हणजे बॅटरी नव्हे.

उतरताना आईला काठी. जेवण बारीत सकाळीच सांगून ठेवा, आयत्या वेळी भाकरी मिळेलच असं नाही. गाडीची किल्ली कोणाच्या सॅकमध्ये ते ठरवा.

बॅटऱ्या मोजल्या? पाच जण असाल तर पाच. धाकट्यालाही.